थंडी न खाल्लेला गहू

प्रिय बारक्या,

तू आता बेचाळीस वर्षांचा झालास, तरी मला दुसरं काही लिहायला जमत नाही. कारखान्यात तुला काय हाक मारतात ते तुझं तुला माहीत, इथे तू बारक्याच. आप्पा गेले हे तुला कळलं असेलच. ते गेले त्याच्या दुसऱ्या सकाळीच मी तुझ्या कारखान्यात फोन केला होता. कुणी कारकून होता, भला वाटला बिचारा. निरोप दोनदा वाचून दाखवला आणि म्हणाला, नक्की देतो. त्याने दिला की नाही, तू ऐकलास की नाही, ऐकून कुठे जाऊन बसलास, मला काही माहीत नाही. आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो. मग लंबू म्हणाला, ताई, आता उजेड जाईल. तेव्हा उठलो. तुझ्या वाटचं सगळं मीच केलं, आणि ते करताना तुला इतक्या शिव्या घातल्या की तुझा घास नक्की घशात अडकला असेल. त्यानंतर लिहायला बसले आणि तीन कागद फाडले. आज फाडणार नाही. राग संपलाय असं समजू नकोस, फक्त बाजूला ठेवलाय. तुला या वर्षीच्या घरामागच्या गव्हाची हकीकत सांगायची आहे आणि ती पहिल्यापासून सांगितल्याशिवाय तुला काही कळणार नाही.

मागच्या उन्हाळ्यापासून आप्पांचं विसरणं वाढलं होतं. आधी चष्मा, किल्ल्या, असलं सगळ्यांचंच होतं ते. मग एक दिवस दोन्ही पायांत उजवेच बूट घालून आले, एक त्यांचा आणि एक तुझा, तू दाराशी सोडून गेलेला. म्हणाले, हा जरा चावतोय. मी हसले, तेही हसले. मग आपल्या गेलेल्या आईला हाका मारायला लागले. तेव्हा हसू आलं नाही. एकदा ट्रॅक्टरच्या पाण्याच्या तोंडात डिझेल ओतायला निघाले. मी धावत जाऊन डबा हिसकावला आणि ओरडले, आप्पा, तुम्हाला आता काही म्हणता काही कळत नाही! लंबू तिथेच उभा होता. अरे, तोच आपला शेजारचा, ताडमाड, कापणीचं मशीन चालवतो तो. तो खाली मान घालून स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. आणि आप्पांचं तोंड असं झालं, बारक्या, की वर्गात उभं केलेल्या पोराचं होतं ना, तसं. आत जाऊन पलंगावर बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून कितीतरी वेळ त्या हातांकडेच बघत होते. त्या दिवशी मी ठरवलं की जग बुडालं तरी चालेल, पण या माणसाला पुन्हा असं बोलायचं नाही. पुढे जे झालं ते सगळं त्या एका ठरवण्यातून झालं.

शरदात पेरणी आली. बाकीची शेतं लंबूने आणि मी मिळून उरकली, पण घरामागचं शेत आप्पांनी कुणाला दिलं असतं का? तेवढं मी पेरणार, म्हणाले. मी म्हटलं, पेरा. सरळ चालवायला त्यांचे हात अजून पक्के होते, डोक्याने काय विसरायचं ते विसरावं, हात काही विसरले नव्हते. सकाळी मी बियाण्याची पोती बांधावर नेऊन ठेवली, त्यांना ट्रॅक्टरवर बसवलं आणि धान्याच्या कोठारावर कामाला गेले. तुला आठवतं ना, ते आपल्याला काय शिकवायचे? शेतात शिरण्याआधी खाली उतरायचं, पेरणीयंत्राच्या पेटीचं झाकण उचलायचं आणि बियाण्यात हात घालायचा. डोळ्यांनी बघायचं नाही, डोळे फसवतात. हात कोपरापर्यंत आत गेला पाहिजे, मगच पुढे. तुझा हात इतका आखूड होता की तू काखेपर्यंत आत शिरायचास आणि वरून आई ओरडायची, अहो, पोराला पेराल एखाद दिवशी! असं पन्नास वर्षं हात घालणारा माणूस त्या दिवशी हात घालायचा विसरला. पेटीत आदल्या शेतातलं थोडं बियाणं उरलं होतं. ते घराच्या बाजूच्या दोन फेऱ्यांना पुरलं. पुढे संध्याकाळपर्यंत आप्पा रिकामी पेटी घेऊन अख्खं शेत पेरत होते. सरळ, एकसारखं, एकही ओळ वाकडी नाही.

मी परत आले तेव्हा ते बांधावर बसून पाणी पीत होते. अंगभर धूळ आणि चेहऱ्यावर इतकं समाधान की आई गेल्यापासून मी तसं पाहिलं नव्हतं. झाली बघ पेरणी, म्हणाले. आणि माझी नजर पोत्यांवर गेली. जशी ठेवली होती तशीच होती, तोंडं शिवलेली. उजेड अजून तासभर होता. नुसतं म्हणायचं होतं, आप्पा, पोती राहिली वाटतं, चला दोघं मिळून परत सुरू करू, उरलेलं ट्रॅक्टरच्या दिव्यावर उरकू. पण मला ते पलंगावरचं तोंड दिसलं आणि मी मूग गिळून गप्प बसले. मनात म्हटलं, उद्या त्यांना डॉक्टरकडे पाठवते लंबूबरोबर आणि आपण गुपचूप पेरून टाकते. उद्या पाऊस आला. नऊ दिवस हटला नाही. ट्रॅक्टर घातला असता तर चाकं आसापर्यंत रुतली असती. पाऊस थांबला, वाफसा येईल, माती पेरण्याजोगी सुकेल म्हणून मी रोज जाऊन मातीची मूठ दाबून बघत होते, तोवर जमीन गोठली आणि वर बर्फ पडलं. तासभर उजेड होता, बारक्या. तो तास माझ्या छातीवर बसलाय.

आप्पांना काही कळलं नाही. पलंगाजवळच्या खिडकीतून त्यांना घराच्या बाजूची पट्टीच नीट दिसायची, आणि ती तर उगवली होती. बर्फ पडायच्या आदल्या दिवशी बोटभर हिरवं वर आलं. त्यांनी काचेला नाक लावून बघितलं आणि म्हणाले, उगवला, आता निवांत झोपू दे त्याला. त्यानंतर रोज सकाळी खिडकीपाशी जायचे, पांढऱ्या सपाटीकडे बघायचे आणि मला सांगायचे की तो खाली थंडी खातोय. थंडी खाल्ल्याशिवाय आपल्या हिवाळी गव्हाला ओंबी येत नाही. मला नवीन काहीतरी सांगतोय अशा थाटात सांगायचे. आणि मला तो कुंडीतला गहू आठवायचा. तू सहा वर्षांचा असशील. तू विचारलं होतंस की आपण वसंतात का पेरत नाही, उबेत? तर आप्पांनी उत्तर दिलं नाही, एका कुंडीत आपल्याच बियाण्याचे दाणे वसंतात टाकले आणि खिडकीत ठेवले. वर आलं ते नुसतं गवत. हिरवंगार, दाट, लाडावलेलं. बाहेरचा गहू पिवळा झाला, कापून झाला, तरी ते आपलं गवतच. ओंबी नाही, काही नाही. शेवटी तू ते सशाला घातलंस. ते मी कधी विसरले नाही, म्हणजे पुढे जे केलं ते अजाणतेपणी केलं असं मला म्हणता येणार नाही.

आता दुसरी गोष्ट. हिवाळ्यापासून तुझी आठ पत्रं आली. दचकू नकोस, तू नाही लिहिलीस ते मला तुझ्याइतकंच माहीत आहे. आप्पा रोज विचारायचे, बारक्याचं पत्र आलं का? सकाळी सांगितलेलं दुपारी विसरायचे आणि परत विचारायचे, आणि दर वेळी ‘नाही’ ऐकताना त्यांना ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं लागायचं. माणसाने दिवसातून चार वेळा तेच दुःख नव्याने सोसायचं? शेवटी मी कोठारावरच्या रेघांच्या वहीतला कागद घेतला, दुपारच्या सुट्टीत ओलावा मोजायच्या यंत्राशेजारी बसून तुझं पत्र लिहिलं आणि टपालवाल्याच्या हातात दिलं. तो मुकाट्याने दुसऱ्या दिवशी आमच्या दारात आणून देऊन गेला. आप्पांना वाचता कुठे येत होतं आता, डोळे अधू झालेले. मी वाचायचे. तुझ्या खोलीला मी एक खिडकी दिली, खिडकीतून एक झाड दिलं. तुझ्या हाताखाली दोन माणसं दिली. एकदा तुला सर्दी केली तर आप्पा दोन दिवस मागे लागले, त्याला लिही, छाती शेकायला सांग. मग पुढच्या पत्रात तुझी सर्दी बरी करावी लागली. हसतोस का? मीही हसायचे, कागदावर वाकून एकटीच. तुझं खरं पत्र एकच, सहा वर्षांपूर्वीचं, चार ओळींचं. पोचलो, काम मिळालं, खोली बरी आहे, गव्हाला जपा. ते त्यांच्या उशीखाली असायचं. त्याच्यावर ही माझी आठ जाऊन बसली.

एप्रिलच्या मध्यावर आप्पांच्या छातीत कफ धरला. डॉक्टर घरी आले, मला स्वयंपाकघरात नेलं, नळ सोडून हात धूत धूतच म्हणाले की वसंत निघाला तर नशीब, उन्हाळ्याचं काही धरू नका. मी मान डोलावली. त्याच आठवड्यात बर्फ वितळलं. खिडकीबाहेर आप्पांच्या दोन फेऱ्यांची पट्टी हिरवी झाली आणि तिच्यापलीकडे काळं शेत, काठापर्यंत काळं. आप्पा उशीवर कोपर टेकून बघत होते. म्हणाले, पलीकडे ढगाची सावली पडलीय का गं? मी म्हटलं, हो. ते म्हणाले, ऊन तर लख्ख आहे. आणि पडून राहिले. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशीही सावलीचं विचारलं आणि मग म्हणाले, माझ्या हातून काही राहिलं का? तेव्हा माझा धीर सुटला. बांधावरून शेडमध्ये आणून ठेवलेली ती पोती तशीच होती. मी दोन आठवडे वाफशाची वाट बघितली आणि एका सकाळी पेटी भरून सगळं शेत पेरून काढलं. घरात येऊन त्यांना सांगितलं की तो आवाज लंबूच्या ट्रॅक्टरचा होता. वसंत पाऊण सरला होता. उबेत पेरलेला हिवाळी गहू. मला पक्कं ठाऊक होतं त्याला ओंबी येणार नाही. पण मला ओंबी नकोच होती रे, मला नुसतं हिरवं हवं होतं, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरेपर्यंत. त्याच हिशेबाने मी तुझं आठवं पत्र लिहिलं. त्यात तू लिहिलंस की या वर्षी कापणीला मी येतो.

आणि आप्पा बरे झाले. हे कुणाला सांगू? तुझं ते एक वाक्य त्यांनी औषधासारखं धरून ठेवलं. जेवायला लागले. काठी घेऊन दारापर्यंत, मग अंगणापर्यंत. डॉक्टर येऊन छाती तपासून गेले आणि मलाच विचारलं, तुम्ही यांना काय दिलंत? मी काय सांगणार, खोटं दिलं म्हणून? आप्पा दुपारची गोष्ट संध्याकाळी विसरत होते, आईला हाका मारत होते, पण बारक्या कापणीला येतोय हे एकदाही विसरले नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. तुझी खोली मला झाडायला लावली, गादी उन्हात टाकायला लावली. मी तुला त्या महिन्यात तीन पत्रं घातली, खरी, माझी. ये, एक दिवसासाठी ये, काही बोलू नकोस, नुसता बांधावर उभा राहा. ती परत आली नाहीत, म्हणजे तुला मिळाली. सहा वर्षांत माझं एकही पत्र परत आलेलं नाही. त्यावरच मी तू जिवंत आहेस असं धरून चालते.

उन्हाळा चढला तसं आजूबाजूचं सगळं पिवळं पडत गेलं. आपल्या शेतात घराच्या बाजूची पट्टी पोटरीत आली, ताटं फुगली, ओंब्या सुटल्या, दाणा दुधात आला, भरला. आणि पट्टीपलीकडे माझं गवत, लोळलेलं, फुटव्यांवर फुटवे, टोकाला उन्हाने करपलेलं. रस्त्यावरून जाणारा शेतकरी थांबून बघायचा आणि माझ्या तोंडाकडे बघून काही न विचारता पुढे जायचा. आप्पांना मी बांधावर खुर्ची टाकून द्यायचे. धुतलेला सदरा, दाढी केलेली. त्यांचं तोंड मात्र शेताकडे नसायचं, रस्त्याकडे असायचं. लंबू मशीन घेऊन आला तर म्हणाले, थांब, माझा मुलगा येतोय, पहिला फेरा तो घेईल. लंबू थांबला. बिचाऱ्याची दहा शेतं खोळंबली होती, दर शेताचा मालक डोक्यावर बसलेला, तरी दोन दिवस मशीन आपल्या बांधावर उभं करून त्याच्या सावलीत बसून राहिला. माझ्याकडे बघायचा. मी बघायचे नाही. मला वाटायचं, आता सांगावं. परत वाटायचं, आज नको, आजचा दिवस त्यांना बसू दे. लाज वाटते सांगायला, पण मीही रस्त्याकडे बघत होते. स्वतःच लिहिलेलं खोटं, आणि स्वतःच त्याची वाट बघत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी आप्पा खुर्चीतून उठले. काठी न घेता पट्टीत शिरले. एक ओंबी तळहातावर चुरली, फुंकली, एक दाणा उरलेल्या चार दातांत धरून फोडला. कटकन आवाज मला बांधावर ऐकू आला. म्हणाले, तयार आहे. मग हाताने ओंब्या बाजूला करत पट्टीतून आडवे चालत गेले आणि पिवळं संपून हिरवं सुरू होतं तिथे बरोबर थांबले. खाली बसले. हिरव्यातलं एक रोप मुळासकट उपटलं, माती झाडली, बुंध्याशी नख घालून उभं चिरलं आणि डोळ्यांजवळ नेलं. आत ओंबीचा कोंब शोधत होते. नव्हताच. वर्षभरात मी त्यांना इतकं स्वच्छ, इतकं जुन्या आप्पांसारखं बघितलं नव्हतं. मला हाक मारली, माझ्याच नावाने, आईच्या नव्हे. म्हणाले, याने थंडी खाल्लेली नाही. केव्हा पेरलंस? मी त्यांच्याशेजारी मातीत बसले आणि सगळं सांगितलं, पोती, तासभर उजेड, पाऊस, सावली. मला वाटलं आता ओरडतील, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, वाफसा होता ना? मी म्हटलं, होता. आणि पेटीत हात घातलास? मी म्हटलं, कोपरापर्यंत. म्हणाले, मग बरं केलंस. आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, मातीचाच.

लंबूला त्यांनी हाताने खूण केली. मशीनने ती पट्टी एका जाण्यायेण्यात उरकली. एक पोतं गहू झाला. संध्याकाळी घरी आल्यावर आप्पांनी उशीखालून पत्रं काढली, चाचपून पहिलं, सहा वर्षांपूर्वीचं, पातळ कागदाचं, घडीवर फाटलेलं, ते परत उशीखाली ठेवलं आणि बाकीची आठ माझ्या हातात दिली. ही तुझी, म्हणाले. मग म्हणाले, चांगली होती. त्याच्या खिडकीबाहेरचं झाड कसलं आहे ते मात्र तू कधी लिहिलं नाहीस. कधीपासून कळलं होतं कुणास ठाऊक. कदाचित पहिल्यापासून. मला वाटत होतं मी त्यांना सांभाळतेय, आणि म्हातारा सगळा हिवाळा मला सांभाळत होता. तुझ्या सर्दीची काळजी मात्र त्यांनी खरीच केली, ते सोंग नव्हतं.

मग गारांच्या वर्षाचं बोलले. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी दाणा चावून चार दिवस थांबायचं सांगितलं होतं, आणि तू ढग बघून, ते घरी नसताना, लंबूचं मशीन आणून एका दिवसात सगळं कापून टाकलंस. आप्पा परत आले ते सरळ शेडमध्ये गेले, राशीत हात घातला, ओली गरम रास, आणि सगळ्यांसमोर म्हणाले की ज्याला दाणा कळत नाही त्याने माझ्या शेतात पाय ठेवू नये. दुसऱ्या दिवशी पहाटे तू गेलास. तिसऱ्या दिवशी गारा पडल्या. नजर पोचेल तिथपर्यंत एक ताट उभं राहिलं नाही. मी तुला हे तेव्हाच लिहिलं होतं, पण त्यानंतरचं लिहिलं नव्हतं, कारण मला त्यांनी शपथ घातली होती. तो ओला गहू आप्पांनी घरभर पसरला. शेडमध्ये, पडवीत, आईच्या खोलीत, तुझ्या पलंगाखाली. पंधरा दिवस दर दोन तासांनी फावड्याने उलथत होते. निम्मा वाचला. त्यातली एकेक मूठ निवडून त्यांनी बियाण्याला ठेवली, आणि त्या शरदापासून आपल्या शेतात दुसरं बियाणं पडलेलं नाही. त्या संध्याकाळी मला म्हणाले, त्याला लिही की तू कापलास ते बरोबर होतं. मी दाणे चावत बसलो असतो तर तेही गेले असते. आणि लिही की सहा वर्षं आम्ही त्याचाच गहू पेरतोय. लिही म्हणाले खरे, आणि मी म्हटलं, उद्या लिहिते. माझ्या उद्यांचं काय होतं ते तुला आता माहीत झालंय.

त्यानंतर अकरा दिवस. ते स्वच्छ डोकं एवढ्यापुरतंच आलं होतं, दुसऱ्या दिवशी परत धुकं. आईला हाका, उजवा बूट डाव्या पायात. शेवटच्या दुपारी मी त्यांच्याजवळ बसले होते. माझ्या हाताला धरून त्यांनी विचारलं, बारक्याचं पत्र आलं का? नेहमीसारखं मला काहीतरी वाचता आलं असतं. आठ पत्रं कपाटात होती, त्यांना कुठे आठवत होतं आता. मी कपाटापर्यंत गेले, हातही लावला, पण त्यांनी ती ज्या रीतीने परत दिली होती ना, त्यानंतर माझी जीभच वळेना. परत येऊन म्हटलं, आज नाही आलं, आप्पा. ते म्हणाले, येईल, आज ना उद्या. आणि खिडकीकडे तोंड करून पडून राहिले, जसं काही टपालवाला तिकडूनच यायचा होता. दिवे लागायच्या आत संपलं. उशी उचलली तेव्हा तुझ्या त्या चार ओळी खाली होत्या, कागद कोमट होता.

आता मी हे का लिहिलं ते सांगते. तुला ये म्हणत नाही. ‘येतो’ हा शब्द मी तुझ्या नावाने एकदा लिहिला आणि एक म्हातारा माणूस त्याच्यावर एक उन्हाळा जगला. तो शब्द आता माझ्या हाताने कागदावर उमटणार नाही, ना तुझ्या नावाने ना माझ्या. पेरणीला तीन आठवडे आहेत. त्या पट्टीचं एक पोतं मी वेगळं ठेवलंय. आप्पांनी विसरत विसरत पेरलेलं, तू घाईघाईत कापून वाचवलेल्या दाण्याचं, सगळी थंडी खाल्लेलं. घरामागच्या शेतात, खिडकीजवळून सुरुवात करून, पुरेल तेवढं तेच पेरणार आहे. तेवढ्यासाठी तुझ्याकडे एकच मागते. एक पत्र लिही. मला नको, आप्पांना लिही. रागाचं असलं तरी चालेल, तुला आलाच नाही का राग? त्यांनी पाठवलेला निरोप वाचून तुला जे वाटलं ते लिही, काहीच वाटलं नसेल तर खिडकीबाहेर झाड कसलं आहे तेवढं लिही. पेरायला निघायच्या आधी मी उतरून पेटीचं झाकण उचलेन, बियाण्यात हात घालेन आणि तिथे उभी राहून ते मोठ्याने वाचेन. त्यांना सवय आहे माझ्या तोंडून तुझं पत्र ऐकायची. अक्षर कसंही असू दे, चुका असू देत, चार ओळी पुरेत. फक्त या वेळी तू लिहिलेलं असू दे रे.

टपालवाल्याची वाट बघणारी,
तुझीच
ताई